'न्हाय'मधला न

कमलअक्कांना कुणी काही सांगितलं की त्या आधी ते परत बोलून दाखवायच्या आणि मगच उत्तर द्यायच्या. "अक्का, चहा घेणार का?" असं विचारलं तर, "चा घेणार का म्हणालीस न्हवं? घेतो की." "अक्का, उद्या सुट्टी आहे." "उद्या सुट्टी. परवा न्हवं, उद्या. बरं." पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या मुलींनी त्यांची नक्कल करून हसून घेतलं, दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना त्याचा कंटाळा आला. मला वाटायचं, कमी ऐकू येतं म्हणून ही सवय लागली असेल. खरं कारण कळायला मला दीड वर्ष लागलं.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. माणसाचं बोलणं ऐकून आपोआप लिहून काढणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. जिल्ह्यातल्या एका ट्रस्टची रुग्णवाहिका सेवा होती. तिथे फोन उचलायला माणसं कमी पडत, म्हणून पहिला फोन आमच्या मशीनने घ्यायचा, काय त्रास होतोय ते विचारायचं, उत्तर लिहून काढायचं आणि गंभीर दिसलं तर लगेच गाडी सोडायला सांगायचं, असं ठरलं होतं. साधी तक्रार असेल तर नर्स सवडीने उलटा फोन करणार. शांत खोलीत कुणी पुस्तकातलं मराठी वाचून दाखवलं की आमचं मशीन बिनचूक लिहायचं. पण रुग्णवाहिकेला फोन करणारा माणूस शांत खोलीत नसतो. तो रस्त्यावर असतो, मागे ट्रॅक्टर असतो, शेजारीपाजारी ओरडत असतात, आणि तो स्वतः रडत असतो.

म्हणून मशीनला गोंगाटाची सवय करायची होती, आणि त्यासाठी आवाज गोळा करायला मी कबनूरला एका यंत्रमागाच्या कारखान्यात गेले होते. मागांच्या खडखडाटात मी मालकांना ओरडून काही सांगत होते आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. कोपऱ्यात कांड्या, म्हणजे आडव्या धाग्याची छोटी रिळं, भरणाऱ्या एक साठीच्या बाई उठल्या, माझ्या तोंडाकडे बघत जवळ आल्या आणि माझं वाक्य जसंच्या तसं मालकांच्या कानात सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्ये म्हणत्यात, एक तास थांबा, मग दोन माग बंद करतो. एक तास. कळलं न्हवं? परत बोल बघू." मी मुकाट्याने परत बोलले. त्या अक्का.

त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला होता आणि उजव्या कानाला 'स' आणि 'श' यांतला फरक कळत नसे. आयुष्य मागांच्या आवाजात काढलं की कान असे होतात. अशा बाईला मी ऐकण्याच्या कामावर घेतलं म्हणून आमचे मालक सारंग सर यांनी मला वेड्यात काढलं. काम असं होतं: आलेले फोन हेडफोनवर ऐकायचे आणि बोललेलं जसंच्या तसं टाइप करायचं, म्हणजे त्यावरून मशीन शिकेल. अक्का सातवीपर्यंत शिकलेल्या, एका बोटाने टाइप करायच्या, दिवसाला इतर मुलींच्या निम्मंसुद्धा काम होत नसे. पण जिथे सगळ्यांनी हात टेकलेले असत तिथे त्या उजव्या कानावर हेडफोन दाबून, डोळे मिटून बसायच्या आणि थोड्या वेळाने म्हणायच्या, "म्हातारा हाय. दात न्हाईत त्येला. 'छातीत कळ' म्हणतोय." माहेर सीमेकडचं, घरात कन्नड बोललं जायचं, त्यामुळे तिकडच्या फोनमधले आम्हाला न कळणारे शब्दही त्यांना कळत. जे कळत नसे ते कळत नाही म्हणून सांगायच्या. "मला श आन् स एकच. तितं दुसऱ्याला इचारा."

कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी गेलो' असंच बोलतात. मशीन त्याचं 'आले', 'गेले' करून टाकायचं, कारण त्याला तसंच शिकवलेलं. अक्का चिडायच्या. "बाई 'आलो' म्हणालीया आन् ह्यो 'आले' लिवतोय. ह्येला सुदरायला कुणी सांगिटलं? ऐकलंय त्येवडं लिव म्हणावं."

पण त्यांची खरी काळजी वेगळीच होती. आमच्याकडे 'आहे'ला हाय म्हणतात आणि 'नाही'ला न्हाय. दोन्हींत फरक फक्त एका 'न'चा, आणि तो न इतका हलका की वाऱ्यात, इंजिनाच्या धडधडीत सगळ्यात आधी तोच बुडतो. 'शुद्ध न्हाय'चं 'शुद्ध हाय' होतं. "बाकीचं बुडालं तर बुडू दे," अक्का म्हणायच्या, "न बुडाला की समदं उलटंच हुतंय की!"

आमच्या कामात 'संशय' नावाचं एक पिवळं बटण होतं. शब्द नक्की कळला नाही तर ते दाबायचं. इतर मुली ते क्वचित दाबत. अक्कांनी 'हाय' आणि 'न्हाय'वर ते इतक्या वेळा दाबलं की यादी साचत गेली. "मशीनला उत्तर शिकवायचंय, शंका नाही," सारंग सर म्हणाले. "मनीषा, हे तू निस्तर." मी एक सोपा नियम लावला. प्रत्येक फोन दोघी ऐकत; अक्कांनी संशय दाखवला असेल तिथे तोच फोन ऐकलेल्या दुसऱ्या मुलीने जे लिहिलंय तेच खरं धरायचं. एका दुपारी सगळी यादी मोकळी झाली. अक्कांना मी हे सांगितलं नाही. महिनाभराने त्यांनीच विचारलं, "माझ्या संशयाचं काय करता गं?"

"तपासतो आम्ही."

"तपासता," त्या म्हणाल्या. "बरं."

मशीनने ऐकलेलं आधी परत बोलून दाखवावं, असा त्यांचा हट्ट होता. "ऐकलं त्ये परत बोलून दाव, मग हात लाव. मशिनीला बी ह्येच शिकीव." मी सरांकडे एकदा विषय काढला. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. घरात कुणाचा जीव जात असताना माणसाला मशीनचे प्रश्न नको असतात, तो वैतागून फोन ठेवतो, असं ते म्हणाले. मी फार ताणलं नाही.

मशीन फोन घ्यायला लागल्यावर, ऊस तोडणीच्या दिवसांत, एका दुपारी अक्कांनी मला हाताने बोलावलं आणि आपला हेडफोन माझ्या कानाला लावला. रुग्णवाहिकेच्या नंबरवर आलेला फोन होता, पण बोलणारी बाई गाडी मागत नव्हती. ती म्हणत होती, "गेल्या मंगळवारी दुपारी मी फोन केलता. मी काय बोललो त्ये मला परत ऐकाय मिळंल का? आमच्या आत्ती गेल्या. घरात समदी म्हणत्यात मी चुकीचं सांगिटलं." आत्ती म्हणजे सासू. खाली मशीनने शिक्का मारला होता: चौकशी, घाई नाही.

"मंगळवारचा काढ," अक्का म्हणाल्या.

मी काढला. पेठ वडगावच्या अलीकडच्या एका गावातून आलेला फोन होता. घरात रेंज नसल्याने बाई रस्त्यावर येऊन बोलत असावी. मागून उसाचा ट्रॅक्टर चाललेला, त्यावर स्पीकरवर गाणं लावलेलं. त्या सगळ्यातून तिचा आवाज येत होता. खाली मशीनने लिहिलं होतं: आत्तींना श्वास घ्यायला येत हाय. गाडी सोडलेली नव्हती. नर्सने पाऊण तासाने फोन केला तेव्हा सासूला शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून नेलं होतं आणि ती वाटेतच गेली होती.

अक्कांनी एकदाच ऐकलं. "न्हाय म्हणालीया."

मला ऐकू येईना. त्यांनी मला परत ऐकायला लावलं. तिसऱ्या वेळी, गाण्याच्या दोन ठोक्यांच्या मधे, मला तो न ऐकू आला आणि एकदा ऐकू आल्यावर मग ऐकू येईनासा करता येईना. मी माझ्या टेबलावर जाऊन जुनी यादी उघडली. असेच ट्रॅक्टर, अशीच गाणी, असेच 'येत न्हाय', 'थांबत न्हाय'. अक्कांनी संशय लावलेले आणि मी 'हाय' म्हणून मोकळे केलेले. मशीन चुकलं नव्हतं. मी शिकवलं तसंच ते ऐकत होतं.

मी अक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी या वेळी ते परत बोलून दाखवलं नाही.

सारंग सरांना सांगितल्यावर ते कपाळ धरून बसले. वाईट माणूस नव्हता तो. पण मग म्हणाले की ट्रस्टने घरच्यांना 'फोनवरची माहिती स्पष्ट नव्हती' असं आधीच कळवलंय, आता काही बोललो तर कंपनी बंद पडेल, आपण गुपचूप दुरुस्ती करू. रेकॉर्डिंग कुणालाही द्यायचं नाही. मी बाहेर येऊन अक्कांना ते सांगितलं.

"त्या पोरीला घरात बोल लागत्यात आन् हे गुपचूप करनार," अक्का म्हणाल्या. "मी रविवारी जातो. तू येतीस का न्हाईस, त्ये तुझं तू बघ."

ते रेकॉर्डिंग मी माझ्या मोबाईलवर घेतलं आणि रविवारी आम्ही एसटीने निघालो. खिडकीशी बसून अक्का बोलायला लागल्या. त्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नसे, त्यामुळे अर्धी एसटी ऐकत होती.

"आमच्या कारखान्यात आप्पा म्हणून जॉबर हुता. माग दुरुस्त करायचा. एकदा माग उगडून हात आत घालून बसलावता. मला वराडला, चालू करू नको. मला ऐकू आलं, चालू कर. मी बटन दाबलं."

"मग?" मी विचारलं.

"दोन बोटं गेली. समदी म्हणाली, अक्का, तुझी काय चूक, आवाजच तसला. मी बी तेच म्हटलं. लई वर्सं तेच म्हणत आलो. एका गल्लीत ऱ्हात हुतो, पर त्येच्या घरी गेलो न्हाय. तोंड चुकवून जायचो. त्यो मेला तवा बी गेलो न्हाय." मग म्हणाल्या, "मला नीट ऐकू आलं न्हवतं, ह्ये मला त्याच येळंला कळलंवतं. परत इचारायचं हुतं. इचारलं न्हाय. कामाची घाई हुती. तवापासनं परत बोलाय लागलो."

घर रस्त्यालगतच होतं. दारात त्या बाईचा नवरा उभा होता. "कुठनं आलाय पावणं?" त्याने विचारलं. अक्कांनी सांगितलं, फोनवाल्या ऑफिसातनं आलोय. त्याचा चेहरा बदलला, पण त्याने आत बसवलं. नणंद आईच्या दिवसांसाठी आलेली होती, ती दाराला टेकून उभी राहिली. रंजना, जिने फोन केला होता ती, पाणी घेऊन आली. तिशीची असेल. तांब्या ठेवून ती मागे सरकली तेव्हा लक्षात आलं की त्या खोलीत तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"हिनंच घात केला," नणंद म्हणाली. "आईला दम लागल्याला, आन् हिनं बरं हाय म्हणून सांगिटलं."

"तसं न्हाय," अक्का म्हणाल्या. "लाव गं."

मी मोबाईल मधे ठेवून लावला. पहिल्यांदा फक्त गाणं ऐकू आलं. नवरा म्हणाला, ह्यात काय कळतंय? अक्का म्हणाल्या, परत लाव, आणि बोट वर करून बसल्या. न येतो त्या जागेला त्यांनी बोट हवेत टेकवावं तसं खाली आणलं. तिसऱ्या वेळेला नवऱ्याने मान वर केली. नणंद म्हणाली, "मला न्हाय आयकू आलं."

"परत लाव."

पाचव्या वेळी नणंद आत गेली. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि मग रडण्याचा.

"पोरीनं बरोबर सांगिटलंवतं," अक्का नवऱ्याला म्हणाल्या.

"मशीनची चूक झाली," मी म्हणाले.

"मशिनीची न्हवं. आमची."

नवरा जमिनीकडे बघत होता. "गाडी येळंत आली असती तर आई वाचली असती का?"

"त्ये मला ठावं न्हाय. डाक्टरला बी सांगता यायचं न्हाय. पर हिनं सांगिटलंवतं, त्येवडं पक्कं."

रंजना अजून उभीच होती. ती रडली नाही. तिने मला विचारलं, "मी येवडं वराडून सांगत हुतो. मग तुमी का आयकलं न्हाय?" अक्कांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि आम्ही निघेपर्यंत तो हात सोडला नाही.

सोमवारी दुपारपर्यंत रंजनाच्या नवऱ्याने ट्रस्टमध्ये जाऊन आरडाओरडा केला होता आणि ट्रस्टने सारंग सरांना बोलावून घेतलं होतं. परत आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर उभं केलं. रेकॉर्डिंग बाहेर कुणी नेलं, त्यांनी विचारलं.

घर, नोकरी, आता दुसरीकडे कोण घेईल, सगळं एकदम डोक्यात आलं.

"मी न्हेलं," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही?"

"मी न्हेलं म्हणालो न्हवं? मीच."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी अक्कांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. अक्कांनी आपला चष्मा आणि जेवणाचा डबा पिशवीत घातला आणि त्या जिन्याने उतरून गेल्या. त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायलाही मी गेले नाही.

त्यानंतर जे झालं ते चांगलंच झालं. ट्रस्टने अट घातली आणि आम्ही मशीनला परत विचारायला शिकवलं. 'श्वास घेता येत नाही, बरोबर का?' आणि तरीही शंका राहिली तर फोन सरळ माणसाकडे. अक्कांचे सगळे संशय मी जुन्या यादीतून बाहेर काढून पुन्हा तपासून घेतले, या वेळी खरंच. लोक वैतागून फोन ठेवतील ही भीती खोटी ठरली. ते उलट मोठ्याने आणि नीट सांगत. या कामाबद्दल माझं कौतुक झालं, आणि ते मी ऐकून घेतलं.

कबनूरला जायला मला तीन महिने लागले. अक्का घरासमोरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. उजवा कानही आता गेला होता. मी काय बोलते ते त्या माझ्या ओठांवर वाचत होत्या.

"मशीन परत इचारतंय का आता?"

"विचारतंय."

"इचारतंय," त्या म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी रंजनाचा फोन येतो म्हणून सांगितलं. अक्कांना ऐकू येत नाही, पण सून बोलते तिच्याशी.

मी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मी गप्प बसले. मी भ्याले."

"व्हय. बघितलं मी."

"मला माफ करा."

"मला सांगून काय उपेग? ज्याला सांगायचं त्येला सांग की." एवढं बोलून त्या उठल्या आणि सुनेला दोन भाकरी जास्त टाकायला सांगितल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. जेवताना त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, वांग्याची भाजी दोनदा वाढली आणि मला एसटीपर्यंत सोडायला आल्या.

मी रोज उद्या सांगू म्हणत राहिले. कधी सर गावाला असत, कधी ट्रस्टचे लोक आलेले असत, कधी नुसताच धीर होत नसे. पावसाळा संपता संपता अक्कांच्या सुनेचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाली.

माती देऊन परत आल्यावर मी तशीच सारंग सरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं की रेकॉर्डिंग मी नेलं होतं, अक्कांनी नाही.

त्यांनी चष्मा काढला. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "अक्कांना फाईल कॉपी कुठे करता येत होती? मी वाट बघत होतो. तू बोलली असतीस तर मी दोघींनाही ठेवलं असतं. कुणीच काढलं नसतं तुला. पण तू बोलली नाहीस, आणि ट्रस्टला एक नाव द्यायचंच होतं."

ते खरं बोलत होते की आता सोपं आहे म्हणून बोलत होते, मला सांगता येणार नाही. पण त्या सोमवारनंतर अक्का आणखी आठ महिने जगल्या. ते आठ महिने त्या कबनूरच्या कट्ट्यावर, न ऐकू येणाऱ्या गल्लीकडे बघत बसून होत्या. आणि मी राजारामपुरीत, त्यांच्या रिकाम्या खुर्चीपासून तीन टेबलं पलीकडे, त्यांनी सांगितलेलंच काम करत होते.